पुसट लेखांच्या वाचनासाठीं छायाचित्रांचे थर

जुन्या कागदांच्या संग्राहकांपुढें एक अडचण नेहमींच उभी राहते. कागद अस्सल आहे, वळण ओळखीचें आहे, काळहि ठरलेला आहे. परंतु जी ओळ वाचावयास हवी नेमकी तीच ओलीनें, कसरीनें किंवा पाठीमागून उमटलेल्या शाईनें खाल्लेली असते. अशा वेळीं भिंग घेऊन उन्हांत बसणें हा आपला पिढीजाद उपाय. गेल्या पंचवीसतीस वर्षांत त्यास एका नव्या उपायाची जोड मिळाली आहे. एकाच पानाचीं निरनिराळ्या प्रकाशांत घेतलेलीं अनेक छायाचित्रें संगणकावर एकावर एक ठेवावयाचीं, आणि त्यांच्या मेळांतून, जें कोणत्याहि एका चित्रांत स्पष्ट नाहीं, तें वाचावयाचें, अशी ही रीति आहे. तिचें स्वरूप काय, ती आपल्याकडील कागदांस कितपत लागू पडते, आणि तिनें मिळालेला पाठ पुरावा म्हणून कोठवर धरावा, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांपैकीं तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण पहिले दोन उलगडल्याशिवाय त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

संगणकाच्या दृष्टीनें छायाचित्र म्हणजे अतिशय बारीक घरांचा एक पट होय. प्रत्येक घरांत एक आंकडा असतो, सामान्यतः ० पासून २५५ पर्यंतचा. ० म्हणजे निखळ काळें, २५५ म्हणजे निखळ पांढरें. रंगीत चित्रांत प्रत्येक घरांत असे तीन आंकडे असतात. एक तांबड्याचा, एक हिरव्याचा व एक निळ्याचा. एकदां चित्र आंकड्यांत उतरलें म्हणजे दोन चित्रांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार करतां येतो, हें उघड आहे. थर जुळविणारीं सॉफ्टवेअरें याहून निराळें कांहीं करीत नाहींत. वरच्या थरांतील आंकडा व त्याच्या बरोबर खालीं असलेला आंकडा घेऊन एका ठराविक नियमानें तीं तिसरा आंकडा काढतात. गुणाकाराचा नियम लाविला तर दोहोंपैकीं कोणत्याहि एका चित्रांत जें काळें आहे तें काळेंच राहतें. वजाबाकीचा नियम लाविला तर जें दोन्ही चित्रांत सारखें आहे तें लोपतें आणि जेवढा फरक आहे तेवढाच उरतो. याशिवाय प्रत्येक घरास पारदर्शकतेचा एक चौथा आंकडा देतां येतो. वरचा थर किती झांकावा व किती पाहूं द्यावा हें त्यावरून ठरतें.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. ऑस्कर रेलँडर यानें इ. स. १८५७ मध्यें तीसएक काचेचीं ऋणचित्रें जुळवून एक मोठें चित्र सिद्ध केलें होतें. संगणकावरील चित्रें एकमेकांवर ठेवण्याचें गणित टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनीं इ. स. १९८४ मध्यें नीट मांडलें. फोटोशॉप हें सॉफ्टवेअर १९९० सालीं बाजारांत आलें, व त्यांत थरांची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तींत झाली. गिंप नांवाचें सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें, आणि आमच्या संग्राहक मित्रांस लागणारें बहुतेक सर्व काम त्यानें होतें. तेव्हां हा श्रीमंतांचा खेळ आहे असा समज कोणीं करून घेऊं नये.

या रीतीचें सामर्थ्य दाखविणारें सर्वांत चांगलें उदाहरण म्हणजे आर्किमिडीजच्या ग्रंथांची ती सुप्रसिद्ध पोथी. दहाव्या शतकांत कॉन्स्टंटिनोपल येथें चर्मपत्रावर या ग्रीक गणित्याचे ग्रंथ कोणी नकलून ठेविले होते. पुढें चर्मपत्राची टंचाई आली. इ. स. १२२९ मध्यें एका लेखकानें तें पुस्तक उसवलें, अक्षरें खरडून धुवून काढलीं, प्रत्येक जोडपान मधोमध कापून आडवें फिरविलें, दुमडलें, आणि त्यावर ख्रिस्ती प्रार्थना लिहिल्या. म्हणजे खालचा लेख वरच्या लेखास काटकोनांत आला, आणि त्याच्या मधल्या ओळी नव्या पुस्तकाच्या बांधणींत गडप झाल्या. अशा दुहेरी पोथीस युरोपांत पॅलिम्प्सेस्ट म्हणतात. डेन्मार्कचा पंडित हाइबर्ग यानें १९०६ सालीं ती कॉन्स्टंटिनोपल येथें पाहिली, भिंगानें जेवढें वाचतां आलें तेवढें वाचलें व पुष्कळ पानांचीं छायाचित्रें घेवविलीं. आर्किमिडीजनें आपले सिद्धान्त कोणत्या युक्तीनें शोधून काढले हें सांगणारा त्याचा 'पद्धति' नांवाचा ग्रंथ जगांत याच एका पोथींत उरला आहे. यानंतर पोथी नाहींशी झाली. पुन्हां प्रकट झाली ती एकदम २९ ऑक्टोबर १९९८ रोजीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत. ज्यानें ती वीस लक्ष डॉलरांस घेतली त्यानें आपलें नांव गुप्त ठेविलें, परंतु पोथी बाल्टिमोर येथील वॉल्टर्स संग्रहालयाकडे अभ्यासासाठीं सोंपविली. संग्राहकांनीं लक्षांत ठेवावें असें हें वर्तन आहे.

मधल्या काळांत पोथीची दुर्दशा झाली होती. बुरशीनें पानें पोखरलीं होतीं. हाइबर्गनें पाहिलेल्या पानांपैकीं तीन नाहींशीं झालीं होतीं. आणि चार पानांवर सोनेरी वर्खाचीं जुनाट दिसणारीं संतांचीं चित्रें कोणी रंगविलीं होतीं. चित्रांतील एक हिरवा रंग १९३८ च्या पूर्वीं बाजारांत मिळतच नव्हता. यावरून तीं चित्रें केव्हांचीं हें कळलें. पोथीची किंमत वाढावी म्हणून केलेल्या या उद्योगानें खालीं जें अमोल होतें तेंच झांकलें गेलें. असे उद्योग करणारे लोक केवळ युरोपांतच आहेत असें नाहीं.

आतां थरांची युक्ति पाहूं. रॉजर ईस्टन, कीथ नॉक्स व विल्यम ख्रिस्टन्स-बॅरी या तिघांनीं प्रत्येक पानाचीं अनेक छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं दोन विशेष महत्त्वाचीं ठरलीं. एक साध्या दिव्याच्या प्रकाशांत घेतलेल्या चित्राचा तांबडा भाग, आणि दुसरें जंबुपार, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडील अदृश्य किरणांत घेतलेल्या चित्राचा निळा भाग. तांबड्या प्रकाशांत खालची फिकट तपकिरी शाई चर्मपत्राच्या रंगांत मिसळून जाते व वरची काळी शाई तेवढी राहते. जंबुपार किरण पडले म्हणजे चर्मपत्र स्वतःच निळसर प्रकाशूं लागतें आणि जेथें शाईचा लेश आहे तेथें तो प्रकाश अडतो. म्हणून त्या चित्रांत दोन्ही लेख काळे दिसतात. केवळ समजुतीसाठीं आंकडे घेऊं. पहिल्या चित्रांत चर्मपत्र २२०, खालचा लेख २००, वरचा लेख ४०. दुसऱ्या चित्रांत चर्मपत्र २१०, खालचा लेख ९०, वरचा लेख ३०. आतां एक नवें रंगीत चित्र करावें. त्याच्या तांबड्या थरांत पहिलें चित्र बसवावें, व हिरव्या आणि निळ्या अशा दोन्ही थरांत दुसरें बसवावें. चर्मपत्राचे तीनहि आंकडे मोठे, म्हणून तें पांढुरकें दिसेल. वरच्या लेखाचे तीनहि लहान, म्हणून तो काळा दिसेल. खालच्या लेखाचा मात्र तांबडा आंकडा मोठा व उरलेले दोन लहान. म्हणून तो लाल दिसेल. अशा रीतीनें दोन लेख दोन रंगांनीं वेगळे झाले आणि आठशें वर्षांमागें पुसलेलें पान वाचतां आलें.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. वरचा लेख काढून टाकावा, केवळ खालचा ठेवावा, असा मोह साहजिक होतो, आणि आरंभीं तसा प्रयत्न झालाहि. परंतु वरचें अक्षर पुसलें म्हणजे त्याच्या जागीं एक भगदाड पडतें, आणि खालच्या अक्षराची रेघ तेथें खरोखर तुटली आहे कीं वरच्या अक्षरानें झांकली आहे हें वाचकास कळत नाहीं. दोन्ही लेख राखून केवळ रंगभेद केल्यानें वाचकास आपली बुद्धि चालवितां येते. यंत्रानें निर्णय न देतां साक्ष तेवढी द्यावी, हें तत्त्व पुढेंहि उपयोगी पडेल.

सोनेरी चित्रांखालच्या पानांस ही युक्ति पुरेशी नव्हती. तेथें २००५-०६ मध्यें स्टॅनफर्ड येथील क्ष-किरणांच्या यंत्रानें शाईंतील लोहाचा नकाशा काढण्यांत आला. या सर्व खटाटोपांतून 'पद्धति' ग्रंथांतील हाइबर्गला न वाचतां आलेला भाग वाचला गेला; आणि त्याच पोथींत अथेन्सचा वक्ता हायपरायडीज याचीं भाषणें व ॲरिस्टॉटलच्या एका ग्रंथावरील भाष्य हींहि सांपडलीं. २९ ऑक्टोबर २००८ रोजीं, म्हणजे लिलांवानंतर बरोबर दहा वर्षांनीं, मूळ छायाचित्रें सर्वांस खुलीं करण्यांत आलीं. केवळ सिद्ध झालेलीं रंगीत चित्रेंच दिलीं असें नसून ज्या थरांपासून तीं सिद्ध झालीं ते थरहि दिले, हें आमच्या मतें या कार्याचें खरें भूषण होय.

या रीतीचा मोठा गुण हा कीं मूळ पानास हात लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पुसट लेख उजळण्यासाठीं पानावर माजूफळाचा अर्क किंवा त्याहून तीव्र औषधें लावीत. आंजेलो माय यानें सिसेरोचा राज्यविषयक ग्रंथ असाच उजळून इ. स. १८२२ मध्यें छापला. पाठ मिळाला, परंतु अशीं औषधें लाविलेलीं पानें कालांतरानें काळींनिळीं पडलीं व पुढच्या पिढीस तीं वाचणें अधिकच कठीण झालें. आपल्याकडेहि पुसट ओळीवर पाण्याचा बोळा फिरवून पाहणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांस आमची विनंति आहे कीं हें कृपा करून थांबवावें.

परंतु युरोपांतील युक्ति जशीच्या तशी उचलून आपल्या मोडी कागदांस लावूं गेल्यास निराशा होईल. कारण शाई वेगळी आहे. तिकडील मध्ययुगीन शाई मुख्यतः माजूफळ व हिराकस यांची. ती लोहयुक्त असल्यामुळें जंबुपार किरणांत उठून दिसते. आपली जुनी शाई काजळाची. काजळ म्हणजे कोळशाचाच अंश. तो काळानें फिका पडत नाहीं, परंतु पाण्यानें वाहतो व घासल्यानें झडतो. त्यास योग्य प्रकाश म्हणजे तांबड्याच्या अलीकडील अवरक्त किरणांचा. या किरणांत काजळ काळेंच राहतें; उलट लोहाची शाई, ओलीचे तपकिरी डाग व पुष्कळसे रंग फिके होत जातात किंवा अजिबात दिसेनासे होतात. मृत समुद्राच्या कांठीं सांपडलेल्या पुरातन हिब्रू गुंडाळ्या काजळाच्या शाईनें लिहिलेल्या असल्यानेंच १९५० नंतरच्या दशकांत अवरक्त छायाचित्रांनीं वाचतां आल्या. आपल्या देशांतील उदाहरण पाहिजे असेल तर मध्वाचार्यांच्या सर्वमूल ग्रंथांच्या ताडपत्रांचें आहे. आर्किमिडीजच्या पोथीवर काम केलेल्या ईस्टन यांनीं व प्राध्यापक मुकुंद यांनीं २००६ च्या सुमारास त्या काळवंडलेल्या पानांचीं अवरक्त प्रकाशांत छायाचित्रें घेतलीं व एकेका पानाचे तुकडे संगणकावर सांधून पूर्ण पान सिद्ध केलें.

तेव्हां आपल्या संग्राहकांनीं प्रथम एवढें ठरवावें कीं हातांतील कागदाची शाई काजळाची आहे कीं लोहाची. इंग्रजी अमदानींतील कागदांत दोन्ही प्रकार आढळतात, आणि एकाच कागदावर मूळ लेख काजळाचा व मागाहून केलेला शेरा लोहाच्या शाईचा असेंहि असूं शकतें. अशा कागदाचें साधें चित्र तांबड्या थरांत न घालतां तेथें अवरक्त चित्र घातलें तर मूळ लेख काळा राहून शेरा लालसर दिसूं लागेल. कागद एका वेळीं झाला कीं दोन वेळीं, या वादांत हा पुरावा कामाचा आहे.

याहून अधिक उपयोग पाठपोट लिहिलेल्या कागदांवर होतो, आणि येथें कांहींसें सविस्तर लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. पातळ कागदावर दोन्ही अंगांस लिहिलें म्हणजे पाठीचीं अक्षरें पोटावर उमटतात. यावर उपाय असा. कागद न हालवितां पोटाचें छायाचित्र घ्यावें. मग उलटून पाठीचें घ्यावें. संगणकावर पाठीचें चित्र आरशांतल्याप्रमाणें डावेंउजवें फिरवावें व स्वतंत्र थर म्हणून पोटाच्या चित्रावर ठेवावें. वरचा थर अर्धपारदर्शक करून तो कागदाच्या कडा, भोंकें व घड्यांच्या रेषा यांच्या खुणेनें खालच्याशीं जुळवावा. कागद कोठें फुगलेला असतो, कोठें आक्रसलेला. म्हणून एक कोंपरा जुळला कीं दुसरा सुटतो, आणि थर ठिकठिकाणीं थोडा ओढून बसवावा लागतो. या जुळवणींत घाई करूं नये. चांगला जुळला म्हणजे पाठीच्या चित्राचा कांहीं अंश पोटाच्या चित्रांतून वजा करावा. उमटलेलीं अक्षरें विरून जातात व पोटाचा लेख मोकळा होतो. आम्हीं एका खासगी संग्रहांतील हिशेबी कागदावर ही रीति लाविली, तेव्हां दोन ओळी, ज्या भिंगानें केवळ काळ्या चिखलासारख्या दिसत होत्या, सहज वाचतां आल्या.

परंतु त्याच कागदानें धोकाहि दाखविला. जुन्या हिशेबांत पाव, अर्धा व पाऊण हे आंकड्यापुढें एक, दोन व तीन उभ्या रेघांनीं दाखवितात, हें वाचकांस सांगावयास नको. मागून उमटलेली एक उभी रेघ पावाचा अर्धा करते. उलट, पाठीचा थर प्रमाणाबाहेर वजा केला, आणि दैवयोगानें पाठीवरील एकादी काठी नेमकी त्याच जागीं आली, तर पोटावरची खरी रेघहि तिच्याबरोबर नाहींशी होते, आणि अर्ध्याचा पाव होतो. मूळ चित्र जवळ नसेल तर हा पाव कोणी करविला, लेखकानें कीं सॉफ्टवेअरनें, हें पुढें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. मोडींत शिरोरेषा अगोदर पानभर ओढून मग अक्षरें तिला लटकवितात. तेथेंहि थर केंसभर सरकला तर रेषा दुहेरी होते आणि अक्षरास नसलेला फांटा फुटतो.

येथें मूळ प्रश्न उभा राहतो. ज्या साधनानें पुसलेली रेघ दिसते त्याच साधनानें नसलेली रेघ काढतां येते. एका सनदेवरील शिक्का निराळ्या थरांत उचलून दुसऱ्या कागदाच्या चित्रावर ठेवावा, गुणाकाराचा नियम लावावा, म्हणजे खालच्या कागदाचा पोत शिक्क्यांतून दिसूं लागतो आणि शिक्का तेथेंच उठविल्यासारखा भासतो. पूर्वीं बनावट सनद करणाऱ्यास जुना कागद, जुनी शाई, कोरलेला शिक्का व धीट हात इतकें तरी लागे. आतां यांपैकीं कांहींच लागत नाहीं. त्यांत आणखी भर म्हणजे २०२३ पासून फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरांत चित्रांतील रिकामी जागा स्वतःच्या कल्पनेनें भरून काढण्याची सोय झाली आहे. फाटलेल्या कोंपऱ्यावर ती चालविली तर तेथें अक्षरांसारखीं अक्षरें उमटतील. पण तीं कोणीं कधीं लिहिलेलीं नसतील. लेखांच्या चित्रांवर ही सोय कदापि वापरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. वंशावळी, वतनें व सनदा यांवरून होणारे तंटे अजून संपलेले नाहींत, आणि मूळ कागद न पाहतां केवळ चित्रावरून निर्णय देण्याची चाल वाढत आहे. अशा स्थितींत संशोधकानें सिद्ध केलेलें चित्र बनावट चित्राहून वेगळें कशानें ठरणार?

आमच्या समजुतीप्रमाणें तें त्याच्या घडणीच्या इतिहासानें ठरतें. अस्सल पत्रास जसा मायना, शिक्का व मोर्तब, तसा या चित्रासहि कांहीं बंदोबस्त पाहिजे. कॅमेऱ्यांतून निघालेलें मूळ चित्र कधींहि बदलूं नये. सर्व काम त्याच्या नकलेवर करावें. थर एकजीव करून ठेवण्याची घाई करूं नये. जेपेग या प्रकारांत चित्र सांठविलें कीं थर नाहींसे होतात व बारीक तपशीलहि कांहीं अंशीं बिघडतो, म्हणून छापखान्यासाठीं तसें चित्र केलें तरी थर राखणारी मूळ प्रत निराळी ठेवावी. याखेरीज प्रत्येक मूळ चित्राची एक अंकमुद्रा काढतां येते. एका ठराविक गणितानें चित्रांतील सर्व आंकड्यांचें ६४ अक्षरांचें एक सूत्र निघतें. चित्रांतील एका घराचा आंकडा एकानें जरी बदलला तरी सूत्र समूळ बदलतें. ही मुद्रा संग्रहाच्या यादींत नोंदवून ठेविली म्हणजे पुढें कोणी चित्रांत फेरफार केल्यास तो ताबडतोब उघड होतो. मोर्तबामागें मजकूर वाढवितां येऊं नये म्हणूनच पूर्वजांनीं मोर्तब शेवटीं केलें. हेतु तोच आहे.

उपकरणांविषयीं थोडक्यांत. बाजारांतील कॅमेऱ्यांत अवरक्त किरण अडविणारी एक कांच बसविलेली असते. ती काढून घेतलेला कॅमेरा या कामास लागतो. कॅमेरा स्थिर घोडीवर बसवावा आणि दोन चित्रांच्या दरम्यान त्यास स्पर्श न करतां दूरच्या कळीनें चालवावा. जंबुपार दिवा डोळ्यांस व कागदास दोघांसहि अपायकारक आहे; चष्मा लावावा व दिवा कामापुरताच पेटवावा. शिलालेख व ताम्रपट यांस शाईचा प्रश्नच नाहीं. तेथें प्रकाशाचा रंग न बदलतां दिशा बदलावी, दिवा एकदां डावीकडून, एकदां उजवीकडून, एकदां वरून असा जवळजवळ आडवा धरावा, आणि प्रत्येक चित्र निराळ्या थरांत ठेवावें. एका दिशेनें भोंक दिसणारी खूण दुसऱ्या दिशेनें छिन्नीची रेघ ठरते. अशा अनेक चित्रांवरून पृष्ठभागाचा उंचसखलपणा गणितानें काढण्याची रीति टॉम मॅल्झबेंडर व त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें प्रसिद्ध केली, व तींत पाहणाऱ्यास दिवा मागाहून संगणकावरच फिरवितां येतो.

असें चित्र त्रैमासिकांत छापावयाचें झाल्यास त्याशेजारीं न बदललेलें साधें चित्र अवश्य छापावें. खालीं किती थर आहेत, प्रत्येक कोणत्या प्रकाशांत घेतला, कोणत्या नियमानें जुळविला, पाठीचा थर वजा केला असल्यास किती अंशानें केला, आणि मूळ कागद व थरांची प्रत कोणाच्या संग्रहीं पाहावयास मिळेल, हें लिहावें. पाठ छापतांना जीं अक्षरें साध्या चित्रांत दिसत नाहींत, केवळ थरांच्या मेळांतच दिसतात, तीं निराळ्या कंसांत द्यावीं. ज्यांबद्दल दोन वाचकांचें एकमत झालें नाहीं त्यांच्या जागीं टिंबें ठेवावीं.